घर सोडून आलेली माणसे

अलिबागहून दक्षिणेस निघालेला रस्ता चौलच्या नारळी-पोफळींच्या बागांतून रेवदंड्यास पोहोचतो, तेव्हा प्रथम नजरेत भरतो तो किल्ल्यातील एक उंच आणि एकाकी मनोरा. गावातील लोक त्याला सातखणी म्हणतात. पोर्तुगीजांच्या अमदानीत फ्रान्सिस्कन साधूंच्या देवालयाचा हा मनोरा होता. १७४० साली चौल-रेवदंडा मराठ्यांच्या हाती आले, पोर्तुगीज निघून गेले, देवालये पडली आणि त्यांच्या अंगणांत माड वाढले. खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगराखालील वस्तीत पोर्तुगीज शब्दांनी भरलेली एक बोली मात्र आजही बोलली जाते. ज्या माणसांनी त्या मनोऱ्याखाली आयुष्य काढले, त्यांतील बहुतेकांनी लिस्बनचा धक्का सोडताना आपल्या घराचा कायमचाच निरोप घेतलेला होता.

घर सोडणे ही गोष्ट कोकणाला नवी नाही. पिढ्यान्‌पिढ्या येथील तरुण गलबताने, आगबोटीने आणि पुढे मोटारीने मुंबईस गेले. गिरणीत, गोदीत, कचेरीत राबले. परंतु त्या जाण्याला परत येण्याची एक मुदत असे. शिमगा आला, गौरी-गणपती आले की चाकरमानी घरी येणारच, या भरवशावर घरातील म्हातारी माणसे वर्षाचे दिवस मोजीत. रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर आणि जवळच्या मुलुखात धर्मप्रसारासाठी परदेशांतून जे लोक येऊन राहिले, त्यांच्या जाण्याला अशी मुदत नव्हती. त्यांच्या मतांविषयी पुष्कळ वाद झाले आणि ते होणे योग्यच होते. तथापि त्यांच्या घर सोडण्याची किंमत काय होती, आणि मुख्य म्हणजे ती कोणी दिली, हा प्रश्न त्या वादांच्या धुरळ्यात झाकून गेला आहे.

या मालिकेतील मराठी वाचकांच्या सर्वाधिक परिचयाचे नाव फादर स्टीफन्स यांचे. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात जन्मलेले थॉमस स्टीफन्स हे कॅथलिक. त्यांच्या देशात त्या वेळी कॅथलिकांचा छळ चालू होता. रोमला जाऊन ते जेझुइट संघात शिरले. १५७९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी लिस्बन सोडले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. उतरल्यावर थोड्याच दिवसांनी त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. समुद्र, वारे, आकाशातील तारे आणि खलाशांचे रोग यांचे सविस्तर वर्णन असलेले ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले आणि इतिहासकारांनी त्याचे महत्त्व वाखाणले. पण पत्राची दुसरी एक बाजू आहे. सहा महिन्यांचा प्रवास करून आलेला मुलगा त्या प्रवासाची कहाणी बापाला सांगतो आहे, आणि ती समोर बसून सांगण्याचा योग आता पुन्हा यावयाचा नाही. स्टीफन्स चाळीस वर्षे गोव्यात राहिले आणि १६१९ मध्ये तेथेच वारले. इंग्लंड त्यांनी पुन्हा पाहिले नाही. मधल्या काळात त्यांनी ज्या परक्या भाषेला आपले मन वाहिले, ती आपली मराठी होय. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. मायभाषा कानांवर न पडणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या मायभाषेत केलेले हे काम आहे.

दोनशे वर्षांनंतर आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा प्रवासही फारसा सुखाचा झाला नव्हता. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजास चार-पाच महिने सहज लागत. पत्र गेले आणि त्याचे उत्तर आले, एवढ्यात वर्ष सरे. आई बरी आहे असे वाचावे, तर ते पाच महिन्यांपूर्वीचे बरे असे. छायाचित्राची कला १८३९ पर्यंत जगापुढे आलेली नव्हती, त्यामुळे सोडून आलेल्या माणसांचे चेहरेही स्मरणातच जपावे लागत.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सरकारने त्यांना परत पाठविण्याचे ठरविले. ते दोघे गुपचूप कोचीनला निघून गेले, तेथून त्यांना परत आणण्यात आले, आणि पुष्कळ अर्ज-विनंत्यांनंतर त्यांना राहू देण्यात आले. त्यांच्याबरोबर अमेरिकेतून निघालेल्या सॅम्युएल न्यूवेल यांची पत्नी हॅरिएट मुंबई पाहूच शकली नाही. कंपनी सरकारने कलकत्त्यातून बाहेर घालविल्यामुळे हे जोडपे मॉरिशसला निघाले. वाटेत, भर समुद्रात, हॅरिएटला मुलगी झाली आणि ती पाच दिवसांत गेली. त्यापाठोपाठ १८१२ च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिशस येथे हॅरिएटही गेली. तिचे वय एकोणीस वर्षांचे होते. न्यूवेल एकटेच पुढे मुंबईस आले आणि १८२१ मध्ये पटकीने वारले. नॉट प्रकृती ढासळल्यामुळे १८१५ मध्येच परत गेले.

राहिले हॉल. त्यांनी मराठी आत्मसात केली, शाळा काढल्या, छापखाना उभारला. या मिशनच्या शाळा खाडीपलीकडे कोकणपट्टीतही पसरल्या आणि रेवदंडा-चौलच्या परिसरातील बेने इस्रायल मुले त्यांत शिकू लागली. हे बेने इस्रायल म्हणजे आपल्या गावोगावचे शनवार तेली. कोणे एके काळी नौगावजवळ गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. स्वतःच दूरचे घर हरवून आलेले हे लोक. त्यांनी मिशनऱ्यांकडून अक्षरओळख घेतली, आपल्या धर्मग्रंथाचे मराठी रूप घेतले, पुढे हिब्रू भाषेचे मराठीतून लिहिलेले व्याकरणही घेतले. मात्र आपला शब्बाथ आणि आपला धर्म त्यांनी सोडला नाही. मिशनऱ्यांच्या हेतूच्या दृष्टीने हे अपयशच म्हणावे लागेल. पण शाळेच्या दृष्टीने पाहता असे म्हणता येणार नाही.

हॉल यांचा विवाह मुंबईतच १८१६ मध्ये मार्गारेट लुइस या इंग्रज स्त्रीशी झाला होता. मुंबईची हवा त्यांच्या मुलांना मानवेना. अखेर १८२५ साली उरलेल्या दोन मुलांना घेऊन मार्गारेटबाई अमेरिकेस निघाल्या. ज्या देशाला त्या माहेर किंवा सासर म्हणून चालल्या होत्या, तो त्यांनी पूर्वी कधी पाहिलाही नव्हता. हॉल यांनी त्यांना जहाजावर बसवून दिले आणि ते कामासाठी मागे राहिले. त्या प्रवासात दोन मुलांपैकी एक समुद्रावरच दगावला. पुढच्याच वर्षी, १८२६ च्या मार्चमध्ये, हॉल नाशिक भागात फिरतीवर गेले. तेथे पटकीचा कहर होता. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर त्यांना स्वतःलाच पटकी झाली, आणि एका खेड्यातील देवळाच्या ओसरीत, २० मार्चला, त्यांचा अंत झाला. वय पुरते बेचाळीसही नव्हते. बरोबरच्या दोन पोरांनी त्यांना तेथेच मूठमाती दिली. त्या काळचे टपाल लक्षात घेता ही बातमी अमेरिकेस पोहोचण्यास कित्येक महिने लागले असणार. तोवर तिकडे एक स्त्री, नवरा जिवंत आहे अशाच समजुतीने, मुलाला बापाच्या गोष्टी सांगत राहिली असेल. तो वाचलेला मुलगाही पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये धर्मोपदेशक झाला. बाप त्याच्या आठवणीत असणे शक्यच नव्हते.

आता किनाऱ्याने दक्षिणेकडे वळावे. सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे उत्तरेच्या काठावर रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर आणि दक्षिणेच्या काठावर रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोटचा किल्ला. बागमांडल्याहून पलीकडे जाण्यास थोडकीच मिनिटे लागतात. याच बाणकोटास १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनने आपले पहिले ठाणे घातले. पेशवाई नुकतीच बुडालेली असल्यामुळे पुण्यात मिशनरी बसविणे सरकारला धोक्याचे वाटे. पहिले मिशनरी डोनल्ड मिचेल हे पूर्वी कंपनीच्याच फौजेत अधिकारी होते. तलवार ठेवून ते या कामाला लागले आणि पहिले वर्ष पुरे होण्यापूर्वीच त्यांना मृत्यू आला. लष्करात राहते तर पेन्शन घेऊन घरी जाण्याची आशा तरी होती. फौजेतील नोकरी आणि ही चाकरी यांत हाच मोठा भेद होता.

बाणकोटाच्या खाली थोड्या अंतरावर हर्णै बंदर आहे. १८२९ साली तेथे एक नवविवाहित जोडपे मराठी शिकण्यासाठी येऊन राहिले. तेच पुढे विख्यात झालेले डॉक्टर जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट. स्कॉटलंडमधील लॉडर गावच्या शेतकरी घरातील विल्सन हे सात भावंडांत थोरले. थोरल्या मुलाने घर सोडणे म्हणजे काय, हे कोकणातील कोणत्याही आईला समजावून सांगावे लागणार नाही. मिशनरी होण्याचा बेत त्यांनी आईला सांगितला तेव्हा तिच्या दुःखाला पारावार राहिला नाही, याची नोंद त्यांच्या स्वतःच्याच रोजनिशीत आहे. तरीही ते निघाले. याचे वर्णन कोणी निष्ठा म्हणून करील, कोणी निष्ठुरता म्हणून. दोन्ही शब्दांत सत्याचा अंश आहे, आणि तो तरुण स्वतः हे ओळखून होता, म्हणूनच ते दुःख त्याने लिहून ठेवले.

मार्गारेटबाई ग्रीनॉकच्या पाद्री बेन यांच्या कन्या. उत्तम शिकलेल्या आणि भाषांची गोडी असलेल्या. हर्णैच्या मुक्कामात त्या मराठी शिकल्या आणि वर्षाअखेरीस मुंबईस येताच त्यांनी मुलींसाठी शाळा उघडण्यास सुरुवात केली. मुलींनी शिकावे ही गोष्ट त्या वेळी आपल्या घरांतून हसण्यावारी नेली जात असे. विल्सन महिनोन्‌महिने दौऱ्यावर असत. मागे घर, मुले, शाळा, मिशनचा पत्रव्यवहार, सारे काही या बाईंवर पडे. सहा वर्षांत ते शरीर झिजले. १९ एप्रिल १८३५ रोजी, चाळिशी गाठण्यापूर्वीच, मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढे १८३७ मध्ये त्यांच्या दोन बहिणी, ॲना आणि हे, स्कॉटलंड सोडून मुंबईस आल्या आणि त्यांनी त्या शाळांचे काम उचलले. एकाच घरातील तीन मुली अशा रीतीने या शहराच्या वाट्याला आल्या. विल्सन यांचे नाव महाविद्यालयाला मिळाले. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, लेण्यांच्या आणि शिलालेखांच्या अभ्यासात मान्यता पावले. त्या नावामागे उभ्या असलेल्या या तीन बहिणी मात्र आज फारशा कोणाला ठाऊक नाहीत.

त्यांचा मुलगा अँड्र्यू आई गेली त्या वेळी अवघा तीन-चार वर्षांचा होता. या लोकांत मुले वाचवावयाची तर त्यांना दूर मायदेशी नातेवाइकांकडे ठेवावे, अशी चालच पडली होती. अँड्र्यूचे शिक्षण एडिंबरो येथे आणि पुढे जर्मनीत झाले. बाप चौदा वर्षांच्या सेवेनंतर १८४३ मध्ये प्रथम मायदेशी गेला. मुलगा पुढे हिंदुस्थानात आला तो पत्रकार म्हणून, धर्मोपदेशक म्हणून नव्हे. त्याने हिमालयातील प्रवासाचे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, ते १८७५ साली निघाले. त्याच वर्षी, १ डिसेंबरला, मुंबईत डॉक्टर विल्सन वारले. या देशात पाऊल टाकल्यापासून शेचाळीस वर्षे उलटली होती. दुसरी पत्नी इझाबेला हीही १८६७ मध्ये त्यांच्या आधी गेली होती.

काही स्त्रिया कोणाच्या पत्नी म्हणून आल्या नाहीत, स्वतःच्या हिमतीवर आल्या. अमेरिकेतील न्यू हँपशर प्रांताच्या सिंथिया फॅरार या १८२७ च्या डिसेंबरात मुंबईस उतरल्या, तेव्हा बत्तीस वर्षांच्या आणि अविवाहित होत्या. मधल्या एका रजेखेरीज त्यांचे सारे उर्वरित आयुष्य मुंबई आणि अहमदनगर येथे मुलींना शिकविण्यात गेले. १८६२ मध्ये अहमदनगरास त्यांचा अंत झाला. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनाने घेतले आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांची मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंच्या अध्यापन-शिक्षणातही फॅरारबाईंचा वाटा होता. आपल्या आई-आजींनी पाटी हातात घेतली, त्या घटनेच्या मुळाशी ज्या अनेकांचे कष्ट आहेत, त्यांत या एकट्या राहिलेल्या बाईंचेही आहेत.

परंतु घर सोडण्याचा खरा अर्थ ज्या प्रसंगात उजळून निघतो, तो प्रसंग १८५७ सालचा आहे आणि त्याचे एक टोक रायगड जिल्ह्यातच आहे. माणगाव तालुक्यातील शिरवली हे एक लहानसे गाव. तेथे १८२५ साली विष्णु भिकाजी गोखले यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले. घरची गरिबी. मुलाने महाडास दुकानात नोकरी केली, पुढे काही वर्षे सरकारच्या जकात खात्यात काढली. बऱ्यापैकी स्थिरावलेली ही नोकरी सोडून, ऐन तारुण्यात, तो सप्तशृंगीच्या डोंगरात तपश्चर्येस निघून गेला. लग्न केले नाही, घर मांडले नाही. तेच पुढे विष्णुबाबा ब्रह्मचारी म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले.

१८५६ मध्ये विष्णुबाबा मुंबईस आले. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत, दर आठवड्यास संध्याकाळी, गिरगावच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचे मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद झाले. हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्व जातींचे लोक वाळूवर उभे राहून ऐकत. पलीकडच्या बाजूस मुख्यतः होते जॉर्ज बोवेन. त्यांची कहाणीही तितकीच विलक्षण आहे. बोवेन हे न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. संगीताचे आणि भाषांचे शोकीन, युरोप हिंडलेले आणि तरुणपणी पुरते नास्तिक. ज्या मुलीशी लग्न ठरले होते ती १८४४ मध्ये वारली आणि तिने आपले बायबल त्यांना देण्याविषयी सांगून ठेवले. त्या आघाताने माणूस बदलला. १८४८ च्या जानेवारीत ते मुंबईस उतरले. एका वर्षाच्या आतबाहेर त्यांनी मिशनचा पगारही सोडून दिला, कारण पगारासाठी धर्म सांगतो असे कोणी म्हणू नये. एका गरीब वस्तीतील लहानशा खोलीत ते राहत आणि शिकवण्या करून पोट भरीत. आई आणि बहिणी समुद्रापलीकडे राहिल्या. १८८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत वारेपर्यंत, चाळीस वर्षांत, ते एकदाही मायदेशी गेले नाहीत.

गिरगावच्या वाळूवर असे हे दोघे समोरासमोर उभे राहिले. एकाने शिरवली सोडली होती, दुसऱ्याने न्यूयॉर्क. एकालाही बायको-मुले नव्हती, एकालाही पगार नव्हता. दोघांनीही सत्य आपल्याला सापडले आहे अशा खात्रीने बोलावे आणि दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढावे. त्या वादात कोण जिंकले, याविषयी दोन्ही पक्षांच्या लोकांनी आपापल्या परीने निकाल दिले. बोवेन यांनी तो वाद त्याच वर्षी इंग्रजीत पुस्तकरूपाने छापला आणि त्यात विरोधकाचे म्हणणेही दिले. आज मागे वळून पाहणाऱ्याच्या ध्यानात येते ते निराळेच. ज्या गोष्टीवर त्यांचा वाद होता तिच्यापेक्षा, ज्या गोष्टीवर वाद नव्हता तिने ते दोघे अधिक जवळ आणले होते. सत्यासाठी घर सोडावे लागते, हे दोघांनाही मान्य होते. आपल्या मुलुखात तर बुद्धापासून समर्थांपर्यंत ही परंपरा पूज्य मानली गेली आहे. म्हणूनच परक्या मिशनऱ्याचे मत न पटणाऱ्या माणसालाही त्याचा फकिरी बाणा समजत असे, आणि बोवेन यांच्याविषयी मुंबईच्या लोकांत आदर होता तो यामुळेच.

येथवर सोडणाऱ्यांची गोष्ट झाली. पण उंबरठ्याच्या आत राहिलेल्यांची गोष्ट सांगितल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. १८४३ साली डॉक्टर विल्सन मायदेशी गेलेले असताना मुंबईत एक प्रकरण घडले. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याच्या मागोमाग त्याचा सुमारे बारा वर्षांचा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. बाप न्यायालयात गेला. न्यायालयाने अल्पवयीन श्रीपतला बापाच्या स्वाधीन केले. मुलगा घरी आला, परंतु ज्ञातीने त्याला भ्रष्ट ठरविले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याची खटपट केली आणि सनातनी मंडळींचा रोष पत्करला. नारायण शेषाद्री पुढे जालन्याकडे अनेक वर्षे कार्य करीत राहिले. एका मुलाला धर्माने नेले, दुसऱ्याला ज्ञातीने परके केले, आणि मधे बाप उभा राहिला. लॉडरच्या आईचे आणि मुंबईच्या या बापाचे अश्रू एकाच खाऱ्या पाण्याचे आहेत. ज्यांनी पहिले पाहिले, त्यांनी दुसरे पाहिले असते तर पुष्कळ कटुता टळली असती. धर्मांतराच्या त्या उत्साहात हे भान मिशनऱ्यांना नेहमीच राहिले असे म्हणता येत नाही. आणि ज्ञातीच्या मंडळींना तरी ते कोठे राहिले होते?

या दुसऱ्या बाजूची कहाणी मराठीत एका स्त्रीने लिहून ठेवली आहे, हे आपल्या वाङ्मयाचे भाग्य. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. पदरी लहान मुलगा. नवरा जिवंत, आणि तरीही घर मोडलेले. पाच वर्षे हा वियोग चालला. टिळकांचा त्याग जगाला दिसला, त्यांच्या कविता लोकांनी डोक्यावर घेतल्या. पण त्या पाच वर्षांत घराच्या आतल्या बाजूस काय झाले, ते १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’नी सांगितले. त्यात आक्रस्ताळेपणा नाही आणि थोरवीचा आवही नाही. हसत हसत सांगितलेले ते दुःख आहे. पुढे लक्ष्मीबाई स्वतःही त्याच मार्गाने गेल्या, परंतु नवऱ्यापाठोपाठ फरफटत नव्हे. स्वतःच्या मनाला पटेपर्यंत त्या थांबल्या.

त्याग हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जो स्वतःचे देतो तो त्याग करतो. हॉल, विल्सन, फॅरारबाई, बोवेन आणि विष्णुबाबा यांनी स्वतःचे दिले, यात शंका नाही. परंतु त्यांच्याबरोबर इतरांचेही काही दिले गेले. समुद्रावर दगावलेल्या त्या मुलाला कोणी विचारले नव्हते. अँड्र्यूला कोणी विचारले नव्हते. लॉडरच्या आईला विचारले, पण तिचे उत्तर मानले नाही. मोठ्या कार्यासाठी घर सोडणाऱ्या प्रत्येकाला, मग ते कार्य धर्माचे असो, देशाचे असो की विद्येचे, ही जाणीव असावी की आपल्या पुण्याच्या खात्यात दुसऱ्यांची रक्कमही जमा आहे. ही जाणीव असलेला माणूस दुसऱ्याचे घर मोडताना दहा वेळा थांबेल. ज्याला ती नाही, त्याचा त्याग कितीही मोठा असला तरी त्यात एक कोरडेपणा राहतो.

रेवदंड्याच्या किल्ल्यात सातखणीखाली आज माडांची झावळे वाजतात. बागमांडल्याच्या धक्क्यावर पलीकडे जाणाऱ्यांची गर्दी असते, आणि मुंबईस निघालेल्या मुलाच्या पिशवीत कोणीतरी शेवटच्या क्षणी सोलांची पुडी सरकविते. लॉडरच्या आईने काय बांधून दिले, आणि शिरवलीच्या घराने विष्णुबाबांना कसे जाऊ दिले, हे सांगणारे त्या घरांतील कोणी आज आपल्यापुढे नाही. त्या सर्वांच्या वतीने बोलणाऱ्या लक्ष्मीबाई तेवढ्या आपल्या फळीवर आहेत. घर सोडून गेलेल्यांची चरित्रे वाचून झाली म्हणजे ते पुस्तक काढून वाचावे.